कोरडं झटकू नये

चिमणी बसवायला आलेल्या फिटरनं ड्रिल भिंतीला टेकवलं, बटण दाबलं, आणि ओट्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी, चिमूटभर करडी भुकटी पडली. एवढंच झालं. मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी 'थांबा' म्हणाले, पण इतकं हळू की ड्रिलच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. मग मी कप खाली जमिनीवर ठेवले आणि ड्रिलची पिन सॉकेटमधून उपटली. फिटरला वाटलं वीज गेली. त्यानं वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मी पंखाही बंद केला. "काय झालं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं की शेगडीमागचा हा भाग भिंतीचा नाही, तक्ता आहे, अ‍ॅस्बेस्टॉसचा, आणि त्याला भोक पाडायचं नाही. बाबांनी तो फार वर्षांपूर्वी कारखान्यातून आणून बसवला होता, भिंत तापू नये म्हणून. नंतर दर थोड्या वर्षांनी त्यावरून रंगाचा हात फिरत गेला, आणि तक्ता आहे हे घरातले सगळेच विसरले. मीसुद्धा. चिमणी बसवायची कल्पना माझी. आई गेल्यावर बाबा स्वतः स्वयंपाक करायला लागले, आणि त्यांना तेल किती तापलं हे कळत नसे. मी येई तेव्हा घर धुरानं भरलेलं असे आणि ते त्या धुरात वर्तमानपत्र वाचत बसलेले. त्या धुरापासून त्यांना वाचवायला मी हे सगळं मांडलं होतं.

फिटर मनापासून हसला. "ताई, आमच्या घराचं अख्खं छप्पर ह्याचंच आहे. त्याच्याखाली जन्मलो, त्याच्याखाली लग्न झालं. काय झालंय मला?" आणि त्यानं पोटावर थाप मारून दाखवली. त्याला काय सांगणार? तो म्हणत होता ते खरं होतं. छपराला कुणी हात लावला नाही, कापलं नाही, घासलं नाही, तर ते आपल्या जागी बसून राहतं. मी म्हणत होते तेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी एकाच ओट्यापाशी उभ्या राहिल्या की ज्याचा आवाज मोठा त्याची जिंकते, आणि माझा आवाज आईच्या दुखण्यापासून लहानच झाला आहे. मी त्याला हातपाय, तोंड धुऊन घ्यायला सांगितलं. त्याचं ड्रिल ओल्या फडक्यानं पुसून दिलं, आणि चिमणी बाजूच्या मोकळ्या भिंतीवर कशी बसवता येईल ते पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं. चहा त्यानं बाहेरच्या खोलीत उभ्यानंच घेतला. जाताना जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या बाबांना म्हणाला, "बाबा, लेक फार जपते तुम्हाला. आमची तर विचारतसुद्धा नाही." बाबा नेहमी अशा वेळी काहीतरी तिरकं बोलतात. आज ते उघड्या दारातून ओट्यावरच्या त्या चिमूटभर भुकटीकडे पाहत होते.

मी लेबलं लिहिते. रंग, थिनर, मोरी साफ करायची पावडर, उंदरांचं औषध असल्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीत मी नोकरी करते, आणि डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे कुणी वाचत नाही ते लिहिणं हे माझं काम. मुलांच्या हाती लागू देऊ नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एका पावडरीत दुसरी मिसळू नये. नोकरीला लागल्यावर ही पुस्तकं वाचणारी मुलगी इथं किती दिवस टिकणार असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि मलाही. पण आमच्या विभागाच्या म्हाताऱ्या केमिस्टनं मला धरून ठेवलं. त्यानं पहिल्याच दिवशी कँटीनमधलं मीठ एका चमच्यात घेऊन माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, हे विष आहे का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, वाटीभर एकदम खाल्लंत तर उद्या तुमच्या जागेसाठी जाहिरात द्यावी लागेल. अमुक विष आहे का, असं विचारायचंच नाही. किती, कितीदा, आणि कुठून आत गेलं, हे विचारायचं. तेव्हापासून मला नावाची भीती वाटत नाही आणि नावाचा भरवसाही वाटत नाही. नैसर्गिक म्हटल्यावर निर्धास्त होणारी आणि रासायनिक म्हटल्यावर दचकणारी माणसं मला सारखीच वाटतात. म्हणून त्या दिवशी ओट्यासमोर उभी राहून मी मनातल्या मनात हिशेब केला. किती? चिमूटभर. कितीदा? एकदा. कुठून? नाकातून, पण खोली मोठी, खिडकी उघडी, ड्रिल दोन-चार क्षण चाललेलं. यानं कुणाला काही होत नाही, जवळजवळ नाहीच. असं कुणी मला फोन करून विचारलं असतं तर मी त्याला ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं असतं आणि रात्री शांत झोपायला सांगितलं असतं. पण मी पिन उपटली होती, पंखाही बंद केला होता. कारण किती आणि कितीदा या दोन प्रश्नांची उत्तरं या घरात दुसऱ्या कुणीतरी देऊन झाली होती.

आईचे स्वतःचे नियम होते, आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. इस्त्रीचं बटण दाबायचं तर पायात चपला हव्यात. आगपेटी शेगडीच्या शेजारी नाही, समोरच्या फळीवर. फिनेलच्या बाटलीच्या गळ्याला ती लाल दोरा बांधायची. अंधारात, झोपेत, तापात, कशाही अवस्थेत हात गेला तरी बोटांना दोरा लागला पाहिजे आणि बोटांनी मागं आलं पाहिजे. रॉकेलला दोरा. ढेकणांच्या औषधाला दोन दोरे. पुढे मी नोकरीला लागल्यावर घरी येऊन तिला मोठ्या तोऱ्यात धोक्याच्या खुणांबद्दल सांगायला लागले, कवटी कुठं आणि उद्गारचिन्ह कुठं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "दिवे गेल्यावर दिसते का तुमची कवटी?" मी ते आमच्या केमिस्टला सांगितलं, तर तो दिवसभर आल्या-गेल्याला ते वाक्य ऐकवत राहिला.

तिचा सगळ्यात कडक नियम बाबांसाठी होता. बाबा बॉयलरवर लॅगिंगचं काम करायचे. वाफेचे पाइप गरम राहावेत म्हणून तेव्हा त्यांना अ‍ॅस्बेस्टॉसचं जाड आवरण घालत, ते घालायचं आणि जुनं झालं की फोडून काढायचं. संध्याकाळी ते दारात उभे राहायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा करड्या असायच्या. "आलं भूत," आई म्हणायची. "पिठाच्या गिरणीत असतात तर निदान घरात पीठ तरी आलं असतं." मी धावत सुटायचे आणि दर वेळी मध्येच थांबायचे, कारण मागून आईनं फ्रॉक धरलेला असायचा. बाबा माझ्याकडे न पाहता भिंतीला घसटत मोरीकडे जायचे. पाण्याचा आवाज व्हायचा. त्यांची डांगरी, म्हणजे कारखान्याचे ते निळे, गळ्यापासून पायापर्यंत एकसंध कपडे, दाराच्या फटीतून बाहेर यायची, आई ती चिमटीत धरून गॅलरीत न्यायची आणि गॅलरीचं दार ओढून घ्यायची. मग बाबा बाहेर यायचे, केस ओले, अंगाला साबणाचा वास, आणि कोचावर बसून म्हणायचे, "हं, ये आता." पण तोवर माझं धावणं विझलेलं असायचं. मी चालत जायचे. कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की माझे वडील आतून थंड आहेत, त्यांना आधी आंघोळ लागते आणि मग मुलगी. मी वाचलेल्या कुठल्याकुठल्या पुस्तकांतल्या दूर दूर राहणाऱ्या बापांच्या रांगेत मी त्यांना नेऊन बसवलं होतं, आणि त्या दुःखाला थोडी ऐटही होती. खरं कारण एवढंच होतं की एकदा त्यांनी तसंच उचलून घेतल्यावर माझ्या मानेला आणि हातांना रात्रभर खाज सुटली होती. खाजेसाठी केलेला नियम. त्या दोघांना तेव्हा बाकी काहीच ठाऊक नव्हतं.

आईला दम लागायला लागला तेव्हा आम्ही आधी जिन्याला दोष दिला, मग वजनाला, मग वयाला. छातीतून पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. मोठ्या इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, नीट बोलणारा. फिल्म उजेडासमोर धरून त्यानं आईला विचारलं, "तुम्ही काम कुठं करत होता?" आई म्हणाली, "घरीच." तो थोडा थांबला. मग त्यानं बाबांकडे न पाहता विचारलं, "आणि हे?" बाबांनी सांगितलं, बॉयलरवर, लॅगिंगला. डॉक्टरनं पेन उचललं होतं ते तसंच धरून ठेवलं. त्यानं मग हळूहळू सगळं सांगितलं: फुप्फुसाच्या आवरणाचा आजार आहे, धुळीचा, धूळ आत जाऊन तीस-चाळीस वर्षं गप्प बसते आणि मग उठते. कपडे, असं तो एकदाच म्हणाला, वाक्याच्या मध्ये, न थांबता. परतताना टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "त्या डॉक्टरच्या कोटाचं बटण लोंबत होतं. कुणी सांगत नाही वाटतं त्याला." तेवढ्यावर तिनं तो विषय संपवला, आणि आम्हालाही संपवायला लावला. ती गेली त्यानंतरही बाबांनी मला काही विचारलं नाही, आणि मी ठरवून टाकलं की त्यांनी विचारलं नाही तर मी सांगायचं नाही, आणि विचारलं तर म्हणायचं की असलं काही खात्रीनं सांगता येत नसतं. ते चूकही नव्हतं. खात्रीनं कुठं काय सांगता येतं? लेबलं लिहिणारीला असलं वाक्य सहज सुचतं. एवढे दिवस ते माझ्या जिभेखाली तयार होतं.

फिटर गेल्यावर मी आईची झाडांना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणली, जुन्या चादरीचे तुकडे फाडले, प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या काढल्या. बाबांना म्हटलं तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. ते उठले आणि आत आले. कोपऱ्यातला झाडू उचलायला वाकले, तेव्हा मी म्हटलं झाडू नको, झाडूनं उडतं. आधी ओलं करायचं, मग पुसायचं, आणि फडकं पुन्हा वापरायचं नाही, तसंच दुमडून पिशवीत टाकायचं. त्यांनी झाडू परत ठेवला. मी भुकटीवर अगदी हलका फवारा मारला. ती गडद झाली, बसली, ओल्या राखेसारखी दिसायला लागली. बाबांनी माझ्या हातातून फडकं घेतलं. त्यांची बोटं अजून कामाची आहेत. एका दिशेनं, न घासता, कडेपासून मध्याकडे त्यांनी ते पुसून घेतलं आणि फडक्याची घडी आत वळवली. मी शेगडीची जाळी उचलून धरली. बराच वेळ आम्ही असे काम करत होतो, दोन माणसं एका परातीत हात घालून असतात तसे. मग ओट्याकडेच बघत ते म्हणाले, "म्हणजे ओलं केलं की उडत नाही."

मी हो म्हटलं.

"तिथं असं कुणी सांगितलं नाही." त्यांनी दुसरं फडकं घेतलं. "मास्क आले शेवटी शेवटी. ते आम्ही कपाळावर लावायचो. घाम पुसायला बरे पडायचे." मग त्यांनी जे सांगितलं ते मला अर्धवट आठवत होतं, पण मी ते एक गंमत म्हणून आठवत आले होते. मी अगदी लहान असताना आई डांगरी सरळ बादलीत भिजवायची. ते करडं ओलं होऊन घट्ट व्हायचं आणि मोरीच्या नळात जाऊन बसायचं. एकदा नळ इतका तुंबला की खालच्या मजल्यावरच्या बाई भांडायला वर आल्या. त्यांच्या न्हाणीत उलटं पाणी आलं होतं. बाबांनी तार घालून नळातून कणकेसारखे गोळे ओढून काढले, आणि आई पदर खोचून शेजारी उभी राहून म्हणाली की तुमचं अर्धं बॉयलर आमच्या मोरीत आलंय, उरलेलं अर्धं कधी आणताय तेवढं सांगा. खालच्या बाईसुद्धा हसल्या. हे एवढं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"तेव्हा मी म्हणालो," बाबा म्हणाले, "उद्यापासून आधी गॅलरीत झटकून घेत जा, मग भिजव. मी म्हणालो ते. तिला नाही सुचलं. ती ओलंच करत होती."

त्यांचा हात थांबला होता. फडक्यातलं पाणी ओट्याच्या कडेवरून खाली ठिबकत होतं, आणि ते थांबवायला हवं हे दोघांनाही कळत होतं. मला एकदम कळलं की डॉक्टरनं ज्या दिवशी पेन हवेत धरलं त्या दिवसापासून हा माणूस त्या एका वाक्यासोबत राहतो आहे. तेल जळत असताना धुरात वर्तमानपत्र धरून तो तेच वाक्य वाचत होता. नळ तुंबल्यावर कुठलाही नवरा जे बोलेल ते वाक्य. त्यात राग नव्हता, हेळसांड नव्हती, उलट शेजाऱ्यांची काळजी होती, बायकोचे कष्ट वाचावेत ही इच्छा होती. मी अशी किती वाक्यं लिहिली असतील? नीट, आटोपशीर, एका त्रासावर अचूक बसणारी, आणि दुसऱ्या त्रासाची ज्यांना कल्पनाही नाही.

"तू हेच काम करतेस," ते म्हणाले. "तुला कळतं. ती ओलंच करत राहिली असती तर?"

माझ्या जिभेखालचं वाक्य तयार होतं. असलं काही खात्रीनं सांगता येत नाही, बाबा. मी तोंड उघडलं आणि मला आमचा केमिस्ट आठवला, चमच्यात मीठ धरलेला. त्या माणसानं मला आणखी एक गोष्ट शिकवली होती, न बोलता. एखादा गिरणीवाला, एखादी गरोदर बाई, कुणीही फोन करून विचारलं की तो कधी खोटा धीर देत नसे. म्हणत असे, ज्याला खरं विचारायचं धैर्य झालं त्याला आपण कमी का लेखावं? आणि मी विचार केला की आता मी मोघम बोलले तर बाबा मान डोलवतील, आणि मग ते वाक्य पुन्हा एकटे घेऊन बसतील, कायमचे, आणि मला कधीच काही विचारणार नाहीत.

"धूळ कमी उडाली असती," मी म्हणाले.

"किती कमी?"

"बरीच."

त्यांनी मान हलवली. मी पुढं सांगत गेले, कारण तेही खरं होतं. तुमच्या केसांत होती, बुटांत होती, उशीवर होती. तिनं एकही कपडा झटकला नसता तरी थोडी गेलीच असती. तुम्ही तिच्या शंभरपट घेतलीत आणि तुम्ही इथं उभे आहात. कुणाच्या छातीत ती उठेल आणि कुणाच्या नाही हे त्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. आणि ज्यांना सांगता येत होतं, ज्यांचं ते काम होतं, त्यांनी तुमच्यापर्यंत एक साधं वाक्य पोहोचवलं नाही: कोरडं झटकू नये. एवढंच वाक्य. ते एका पाटीवर मावलं असतं. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांना बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी ओट्याच्या कडेवरचं ठिबकणारं पाणी पुसलं.

मग मला वाटलं की त्यांना सगळं सांगायचं तर उरलेलंही सांगायला हवं. ते फक्त माझ्याकडे होतं. ते तेव्हा मोरीत असायचे, पाण्याच्या आवाजात. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"आई नुसती झटकायची नाही," मी म्हणाले. "नाचवायची."

"काय नाचवायची?"

मी सांगितलं. गॅलरीच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. आई बाहेर गेली की मी स्टूल ओढून काचेला नाक लावून उभी राहायचे. मला आत ठेवून ती दार घट्ट ओढून घ्यायची, आणि खालच्या फटीला पायपुसणं सरकवायला मला सांगायची, धूळ आत यायला नको म्हणून. मग ती डांगरीचे दोन्ही हात धरायची आणि तिला उभी करायची, आणि ती रिकामी डांगरी तुमच्यासारखी चालायची, बाबा, एक खांदा वर, पाय फेंगडे. ती तिला नमस्कार करायची. तिचा हात स्वतःच्या कमरेभोवती घ्यायची आणि लाजायची. कधी रागावून तिला कठड्यावर बडवायची आणि मग तिची समजूत काढायची. संध्याकाळचं तिरकं ऊन असायचं आणि त्यात ते सगळं चमकायचं, तिच्या केसांभोवती, डोळ्यांवर, आणि मला वाटायचं की जगात याहून सुंदर काही नसेल. मी काचेआड हसून हसून स्टुलावर बसकण मारायचे. मी हसले की ती अजून नाचवायची.

एवढं बोलून मी थांबले. तो शेवटचा भाग मी आजवर स्वतःलाही असा सलग सांगितला नव्हता. किती, कितीदा, कुठून. मी ते हिशेब करणारी बाई आहे, आणि माझ्या हसण्याचं माप मला कुठल्याच तक्त्यात बसवता येत नाही. पण त्याचा दोष मला घ्यावासा वाटला नाही, आणि तो बाबांनीही घेऊ नये असं वाटलं. धूळ तशीही चमकत होती, आम्ही हसत होतो, आणि दार लावलेलं होतं. ज्या एका माणसाला तिनं वाचवायचं ठरवलं होतं, तो माणूस काचेच्या आत उभा होता.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "एक खांदा वर?"

"डावा."

"डावाच," ते म्हणाले. "डाव्या खांद्यावरून शिडी न्यायचो." आणि ते हसायला लागले, आवाज न करता, ओट्याला धरून. पोट हलत होतं आणि डोळे पुसायला हात वर गेला तर मी तो मनगटाला धरून खाली आणला, कारण हातात फडकं होतं. "मला कधी बोलली नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत नाही बोलली. लबाड."

ड्रिलनं पडलेलं भोक आरपार गेलं नव्हतं. मी त्यात ओली पुट्टी भरली, बाबांनी ती पात्यानं सारखी केली, आणि घासायची नाही म्हणून आधीच इतकी गुळगुळीत केली की हात फिरवला तर कळू नये. त्यांनी विचारलं की तक्ता काढूनच टाकायचा का. मी म्हटलं, नाही, धडधाकट आहे, काढताना फुटेल. वाळल्यावर तेवढ्या पुट्टीवर रंगाचे दोन हात देऊ आणि असू दे. पुढे कधी काढायचाच झाला तर हे काम येणारी माणसं बोलवायची. "आणि आपण दोघं नसलो तेव्हा?" ते म्हणाले. "असाच कुणी चिमणी घेऊन आला तर?" मी ड्रॉवरमधून जाड पेन काढलं आणि तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात, शेगडीची वाफ पोहोचणार नाही अशा जागी, लिहिलं: इथं भोक पाडू नये. नोकरीत मी याहून अवघड वाक्यं लिहिली आहेत, पण हात इतका जपून कधी चालवला नव्हता. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं.

"का ते नाही लिहिलंस."

मी म्हटलं, वाक्य लांबलं की लोक वाचत नाहीत.

"वाचतील," ते म्हणाले. "लिही."

मी वर लिहिलं: आत अ‍ॅस्बेस्टॉस आहे. आणि खाली, जागा उरली होती म्हणून: धूळ झाल्यास ओलं करून पुसावं. बाबा तिन्ही ओळी परत एकदा वाचून गेले, ओठ हलवत, जसं मी त्यांना लहानपणी माझं प्रगतिपुस्तक वाचताना पाहिलं होतं. मग त्यांनी मान डोलावली. पिशवीचं तोंड आम्ही बांधलं, ती दुसऱ्या पिशवीत घातली, तिचंही बांधलं, आणि दाराबाहेर कोपऱ्यात ठेवली. दुपार कलली होती. पंखा अजून बंद होता आणि आम्ही दोघं घामानं भिजलो होतो.

"आंघोळ करून घेतो," ते म्हणाले. आता तशी गरज नव्हती, एवढीशी भुकटी, तीही ओली केलेली. मी ते सांगणार होते आणि सांगितलं नाही. ते भिंतीला घसटत आत गेले. पाण्याचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळानं दार जरासं उघडलं आणि फटीतून त्यांचा हात बाहेर आला, हातात शर्ट आणि पायजमा, आणि तो हात तसाच थांबला, कुणी घ्यायला येईल म्हणून नाही, पण सवयीनं. मी ते कपडे घेतले. पाण्यानं भरलेली बादली गॅलरीत होती. मी ते न झटकता, घडी न मोडता, तसेच पाण्यात सोडले आणि हातानं दाबून धरले. एका बाहीत हवा अडकली होती, ती वर येऊन फुगून राहिली, मग हळूहळू बसली. मीही हात कोपरापर्यंत धुतले, तोंड धुतलं, आणि बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिले, जिथं फ्रॉक धरला जायचा साधारण तिथं.

बाबा आले. केस ओले, शर्टाचं एक बटण वरखाली लागलेलं. कोचावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले, आणि माझ्याकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "ये आता."

अंतर चार पावलांचं होतं. मी धावत गेले.